लॅपटॉप सल्ला हवा: व्हिडिओ एडिटिंग + ब्लेंडर, आणि रोज पाठीवर वागवता आला पाहिजे

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

नवा लॅपटॉप घ्यायचाय. परीक्षणं वाचून वाचून डोकं पार भंजाळलंय, म्हणून इथे धागा काढतोय.

काम असं: मुलाखती आणि छोटे माहितीपट एडिट करतो. कॅमेरा ४के, १० बिट, ४:२:२, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मध्ये रेकॉर्ड करतो. जोडीला ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर), म्हणजे वस्तूंची मॉडेलं, थोडं ॲनिमेशन, रेंडर (सीनचं अंतिम चित्र काढणं) त्यातल्याच सायकल्स इंजिनमध्ये. गेम खेळत नाही (खेळलोच तर कोणाला सांगणार नाही). लॅपटॉप रोज सॅकमधून न्यावा लागतो, त्यामुळे अडीच किलोच्या वर नको. सध्याच्या मशीनवर टाइमलाइन इतकी अडखळते की मुलाखत देणारा माणूस तोतरा वाटतो.

दोन मशीनं हेरून ठेवलीत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात वाहून जाईल.

'अ': पातळ, देखणं. रायझन ७८४०एचएस, आरटीएक्स ४०७०, १६ जीबी रॅम सोल्डर केलेली (बोर्डालाच जोडलेली, बदलता न येणारी), ओलेड पडदा.

'ब': जरा जाड. इंटेल आय७-१३७००एचएक्स, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅमची एकच पट्टी आणि दुसरा स्लॉट रिकामा, आयपीएस पडदा.

कागदावर 'अ' सरस दिसतंय. ग्राफिक्स कार्ड वरचं आहे, वजन कमी आहे. घेऊन टाकू ना?

रात्रपाळी

'अ'. ४०७० > ४०६०. विषय संपला.

जुनं_खोड

विषय आत्ता सुरू होतोय, रात्रपाळी.

कोरा कागद, आधी थोडं सांगा. एडिटिंग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये? चार्जर लावून बसता की बॅटरीवर? घरी वेगळा मॉनिटर आहे का? रेंडर लावून तुम्ही उठून जाता की शेजारी बसून दुसरं काम करता? आणि आवाजाचं काय, पंखे बोंबलले तर चालतं का? "दमदार लॅपटॉप" असं नुसतं म्हटलं की सगळे आपापल्या कामाचा लॅपटॉप सुचवतात.

कोरा_कागद

खोडकाका, घ्या उत्तरं:

दा विंची रिझॉल्व्ह, विकतची आवृत्ती, विंडोजवर. साधारण सगळं काम चार्जर लावून. बॅटरीवर फक्त फुटेज बघणं, लिहिणं, मेल. घरी मॉनिटर आहे. रेंडर रात्री लावतो. आवाज चालेल, पण मुलाखत सुरू असताना लॅपटॉप खोलीत असतो, तेव्हा गप्प बसला पाहिजे.

पंखा_फुल्ल

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डचं नाव हे अर्धंच नाव असतं. उरलेलं अर्धं म्हणजे वॅट, आणि ते जाहिरातीत बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

आरटीएक्स ४०६० आणि ४०७० या दोन्हींच्या लॅपटॉप आवृत्त्यांना एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट अशी मोकळीक दिली आहे. म्हणजे एकाच नावाची चिप एका मशीनमध्ये ११५ वॅट पिते आणि दुसऱ्यात तिला निम्म्यावर भागवावं लागतं. किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, कारण तेवढी उष्णता बाहेर काढायची जबाबदारी त्याच्या पंख्यांवर आणि हीटपाइपांवर असते. पूर्वी कमी वॅटच्या चिपच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे निदान शंका तरी यायची. आरटीएक्स ३० मालिकेपासून नावातली ती खूण गेली. आता उत्पादकाच्या तपशीलपत्रात 'टीजीपी' किंवा 'कमाल ग्राफिक्स पॉवर' शोधायची. तिथे "१४० वॅटपर्यंत" असं दिसलं तर त्यात बहुधा 'डायनॅमिक बूस्ट'चे वॅट मिळवलेले असतात. म्हणजे प्रोसेसर निवांत असेल तेव्हा त्याच्या वाटचे वॅट ग्राफिक्सला उसने मिळतात. रेंडर करताना प्रोसेसरही राबत असेल तर ती उसनवारी विसरा.

४०७० मध्ये ४६०८ कोअर आहेत, ४०६० मध्ये ३०७२. पूर्ण वीज मिळाली तर ४०७० पुढे, यात वाद नाही. पण तुमचं 'अ' पातळ आहे. त्याला किती वॅट दिलेत ते आधी बघा. ६० वॅटचा ४०७० आणि ११५ वॅटचा ४०६० यांत कोण पुढे जाईल हे नावावरून सांगताच येत नाही, मशीनची चाचणीच बघावी लागते.

आणि चाचणी बघताना पहिल्या मिनिटाचा आकडा बघू नका. थंड मशीन पहिल्या फेरीत सगळ्यांनाच हरवतं. सिनेबेंचचं दहा मिनिटांचं आवर्तन, थ्रीडीमार्कची २० फेऱ्यांची स्ट्रेस टेस्ट, असं लांब पल्ल्याचं काही दिलं असेल तेच परीक्षण वाचा. परीक्षकाची खोली बऱ्याचदा वातानुकूलित असते हेही लक्षात ठेवा. खोलीचं तापमान चढलं की आतली हवा तेवढीच चढते आणि चिप तेवढी लवकर मान टाकते.

रात्रपाळी

बरं, वॅटचा मुद्दा मान्य. पण एक राहिलं. ४०६० आणि ४०७०, लॅपटॉपमध्ये दोन्हींना व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबीच, बसही (त्या मेमरीपर्यंतचा रस्ता) दोन्हींची १२८ बिट. (डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी आहे, त्यावर जाऊ नका.) ब्लेंडरचा सीन ८ जीबीत मावला नाही तर दोन्ही सारखेच आडवे होणार. ज्यांना जड सीन करायचेत त्यांनी १२ जीबीपासून पुढे बघावं: ४०८० (१२), ४०९० (१६), नव्या मालिकेत ५०७० टीआय (१२), ५०८० (१६), ५०९० (२४). साधा ५०७० मात्र लॅपटॉपमध्ये ८ जीबीनेच आला.

आणि मक्स स्विच आहे का ते बघा. नसेल तर ग्राफिक्स कार्डने काढलेलं प्रत्येक चित्र प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समधून पडद्यावर जातं आणि वेग सांडतो. मक्स असला की अंगभूत ग्राफिक्स बंद करून थेट जोडणी. मी तर ते कायम थेटवरच ठेवतो.

कटपेस्ट

थांबा थांबा. सगळे रेंडरच्या मागे लागलेत. या माणसाचं मूळ दुखणं टाइमलाइन अडखळण्याचं आहे, आणि तिथे ४०६० की ४०७० हा प्रश्नच गौण आहे.

कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहितो ते परत वाचा: एच.२६५, १० बिट, ४:२:२. फोन किंवा साधे कॅमेरे ४:२:० मध्ये लिहितात, आणि तसलं फुटेज आजकालची जवळपास प्रत्येक चिप हार्डवेअरमध्ये उलगडते (डिकोड करते). ४:२:२ मध्ये रंगाची माहिती दुप्पट असते. रंगकाम करायला ती सोन्यासारखी, पण ती उलगडणारं खास हार्डवेअर सगळीकडे नसतं:

– इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये (क्विक सिंक) ११व्या पिढीपासून आहे.
– एनव्हिडियात ४० मालिकेपर्यंत नव्हतं, ५० मालिकेत आलं.
– ॲपलच्या एम मालिकेत आहे.
– रायझन ७८४०एचएसच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये नाही.

आता 'अ' बघा. रायझनमध्ये नाही आणि ४०७० मध्येही नाही. म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडायचं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर. कार्ड कितीही मोठं असलं तरी ते उलगडलेली फ्रेम हातात येईपर्यंत हात बांधून बसणार. दोन कॅमेऱ्यांची मुलाखत लावली की तीच तोतरी टाइमलाइन परत. 'ब' मध्ये इंटेल आहे, एचएक्स असला तरी क्विक सिंक आहेच. या कामापुरतं 'ब' सरळ पुढे.

आणि रात्रपाळी, तुमचा मक्सचा सल्ला गेमसाठी ठीक, इथे उलटा पडेल. अंगभूत ग्राफिक्स बंद केलं की क्विक सिंकही त्याच्याबरोबर बंद. एडिटिंग करताना हायब्रिड मोडच (दोन्ही ग्राफिक्स चालू) हवा.

रात्रपाळी

हे नव्हतं माहीत. 👍 पण मग ५० मालिकेचा लॅपटॉप घेतला तर दोन्ही साधतं ना?

कटपेस्ट

साधतं. ५० मालिका असेल तर प्रोसेसर कोणता याची या बाबतीत फिकीर नको.

कोरा_कागद

हे कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं! बरं, आणखी एक: मित्रमंडळी "मॅक घे, विषय मिटव" म्हणतात. मिटतो का?

कटपेस्ट

एडिटिंगपुरता मिटतो. ४:२:२ चं हार्डवेअर आहे, शिवाय प्रोरेस या ॲपलच्या व्हिडिओ फॉरमॅटसाठीही वेगळं इंजिन आहे (२०२१ च्या एम१ प्रो आणि मॅक्सपासून). दुसरं सुख म्हणजे बॅटरीवर वेग जवळपास तेवढाच राहतो, आणि आवाज नाही. मुलाखतीच्या खोलीत हे फार मोलाचं.

ब्लेंडरमध्ये चित्र वेगळं आहे. सायकल्सला मेटलची (ॲपलच्या ग्राफिक्स यंत्रणेची) साथ २०२२ मध्ये ३.१ आवृत्तीपासून मिळाली आणि रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याचं) हार्डवेअर एम३ पासून आलं, म्हणजे चालतं, नीट चालतं. पण ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाची स्वतःची रे ट्रेसिंग यंत्रणा) चालणारं एनव्हिडियाचं कार्ड अजूनही रेंडरमध्ये पुढे जातं. उलट मॅकमध्ये मेमरी सामाईक असल्यामुळे ८ जीबीत न मावणारा सीन तिथे मावू शकतो. मात्र रॅम आणि एसएसडी घेताना जे घ्याल तेच शेवटपर्यंत.

कोरा_कागद

माझे दोन प्लगइन फक्त विंडोजवर चालतात. मॅक बाद. पण मुद्दा कळला.

मुंगळा

धागा पळवतोय, आधीच माफी. 🙏 मी मशीन लर्निंग शिकतोय. घरच्या घरी भाषा-मॉडेलं चालवायची आहेत, जमलं तर फाइन-ट्यूनही (तयार मॉडेलला आपल्या डेटावर थोडं शिकवणं). "एनपीयू ४० टॉप्स" लिहिलेला एक हलका लॅपटॉप दिसला. हाय परफॉर्मन्स, एआयसाठीच बनवलाय म्हणे. घेऊ?

जुनं_खोड

अरे मुंगळ्या, त्या स्टिकरकडे बघून घेऊ नकोस. एनपीयू हा प्रोसेसरमधला एआयसाठीचा भाग कमी विजेत छोटी कामं करायला आहे: कॅमेऱ्यामागची पार्श्वभूमी धूसर करणं, आवाजातला गोंगाट काढणं, असली. ४० टॉप्स (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया) ही मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस नावासाठी ठेवलेली अट आहे. तुझी शिकायची साधनं, पायटॉर्च वगैरे, प्रामुख्याने कूडावर चालतात आणि कूडा ही यंत्रणा म्हणजे एनव्हिडियाची कार्डं.

मॉडेल चालवायला दोन गोष्टी लागतात. पहिली, मॉडेल मावेल एवढी मेमरी. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये १४ जीबी होतं. ४ बिटला आणलं तर ४-५ जीबी. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात दाबून बसवलेलं ७ अब्जाचं मॉडेल आरामात चालतं. ७० अब्जाचं ४ बिटलाही ४० जीबीच्या आसपास जातं, ते कुठल्याच लॅपटॉप-कार्डात मावत नाही.

दुसरी, मेमरीचा वेग. प्रत्येक शब्दतुकडा काढताना अख्खं मॉडेल मेमरीतून एकदा वाचावं लागतं. म्हणून हिशेब अगदी भागाकाराचा आहे: मेमरीचा सेकंदाचा वेग भागिले मॉडेलचा आकार. रायझन एआय मॅक्स+ ३९५ मध्ये १२८ जीबीपर्यंत सामाईक मेमरी मिळते, वेग सेकंदाला २५६ जीबी. ४० जीबीचं मॉडेल त्यावर सेकंदाला जास्तीत जास्त सहा तुकडे देईल. एम४ मॅक्सच्या वरच्या आवृत्तीत ५४६ जीबी, तिथे तेरा-चौदा. साध्या लॅपटॉपमध्ये डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्या असल्या तरी ९० च्या आतच, म्हणजे दोन. मावतं, पण रांगतं.

आणि फाइन-ट्यूनिंग लॅपटॉपवर करूच नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. कोड लॅपटॉपवर लिही, छोट्या डेटावर चालतो का बघ, आणि खरं ट्रेनिंग भाड्याच्या सर्व्हरवर कर. रात्रभर तापलेला लॅपटॉप जे करतो ते सर्व्हर जेवून हात धुवेपर्यंत करतो.

मुंगळा

म्हणजे ८ जीबीचं एनव्हिडिया कार्ड, बरी रॅम, आणि उरलेले पैसे सर्व्हरच्या भाड्याला?

जुनं_खोड

१२ जीबीचं परवडलं तर ते. नाहीतर तू म्हणतोस तेच.

तिरकी_रेघ

मीही शिरतो. मेकॅनिकल डिझाइन, सॉलिडवर्क्स (कॅड, म्हणजे आराखड्यांचं सॉफ्टवेअर), मोठ्या असेंब्ली. दुकानदार गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारतोय, ऑफिसवाले म्हणतात वर्कस्टेशनच घ्या. आणि एक पातळ स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप बॅटरीसाठी फार आवडलाय.

पंखा_फुल्ल

स्नॅपड्रॅगन लगेच खोडा. त्यावर विंडोज चालतं, पण ते एआरएमचं (मोबाइलच्या धाटणीच्या चिपांचं). जुन्या पठडीतली सॉफ्टवेअरं नक्कल करून चालवावी लागतात. ब्राउझर आणि ऑफिसला उत्तम. कॅडच्या भरवशाचं नाही.

सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल परत बांधायचं काम बरंचसं एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे चोवीस कोअरच्या मागे धावण्यापेक्षा एका कोअरचा वेग बघा. कमी कोअरचा पण चढ्या वेगाचा प्रोसेसर तुम्हाला जास्त सुख देईल. (रेंडर किंवा सिम्युलेशन करत असाल तर मग कोअर मोजा.)

गेमिंग विरुद्ध वर्कस्टेशन: चिप बऱ्याचदा तीच असते, फरक ड्रायव्हरचा आणि प्रमाणपत्राचा. रिअलव्ह्यूसारख्या (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणाऱ्या) गोष्टी प्रमाणित व्यावसायिक कार्डावरच खुल्या होतात. तुमच्या कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत आहे का बघा. काम अडलं आणि मदत मागितली, तर पहिला प्रश्न तोच येतो. ऑफिस पैसे देत असेल तर वर्कस्टेशन घ्या. स्वतःचे असतील तर गेमिंग लॅपटॉपवर काम भागतं, एवढंच की तक्रार ऐकायला कोणी नाही.

तिरकी_रेघ

ऑफिसच देतंय. सुटलो. 😀

चष्मिष्ट

पडद्याबद्दल कोणीच बोललं नाही? एडिटिंगच्या धाग्यावर?

'ब' च्या तपशीलपत्रात रंगक्षमता काय लिहिलीय ते बघा. (एनटीएससी, एसआरजीबी, डीसीआय-पी३ ही पडदा किती रंग दाखवतो याची मापं.) "४५% एनटीएससी" असेल तर तो पडदा एसआरजीबीच्या ६०-६५ टक्क्यांच्या आसपासच रंग दाखवतो. लाल विटकरी दिसतो, त्वचेचे रंग फिकट, आणि तुम्ही ते दुरुस्त करायला जाऊन बाकी सगळ्यांच्या पडद्यावर भडक करून ठेवता. "७२% एनटीएससी" किंवा "१००% एसआरजीबी" ही किमान पायरी. सिनेमाच्या रंगांवर काम असेल तर डीसीआय-पी३ ९५ टक्क्यांच्या पुढे हवा. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत दोन वेगळे पडदे सर्रास असतात, तेव्हा परीक्षण कोणत्या पडद्याचं आहे तेही बघा.

उजळपणा ३०० निट खोलीत पुरतो. खिडकीशी बसत असाल तर ४०० च्या पुढे जा.

ओलेड देखणा, काळा म्हणजे खरा काळा. पण दोन गोष्टी. एक, कमी उजळपणावर बरेच ओलेड पडदे लुकलुकतात (पीडब्ल्यूएम). डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं संध्याकाळी धरतं. दोन, एडिटिंगच्या खिडक्या, टाइमलाइन, टूलबार दिवसचे दिवस एकाच जागी असतात. डाग राहण्याची शक्यता तिथेच जास्त. मी घेणार नाही, पण माझे डोळे नाजूक आहेत, नावच तसं घेतलंय.

१४४ की २४० हर्ट्झ हा प्रश्न तुमच्यासाठी नाही. १६:१० चा पडदा मात्र घ्या, टाइमलाइनला खाली चार बोटं जास्त जागा मिळते.

कोरा_कागद

'ब' चा १००% एसआरजीबी, १६:१०, ३५० निट आहे. रंगाचं शेवटचं काम घरच्या मॉनिटरवर करतो, त्यामुळे चालेल असं वाटतंय. तो मॉनिटर यूएसबी-सी ने लावू का एचडीएमआय ने, फरक पडतो का?

चष्मिष्ट

पडू शकतो. बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआय थेट ग्राफिक्स कार्डाला आणि यूएसबी-सी अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो, काहींत उलट. उत्पादकाच्या पानावर किंवा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कळतं. तुमच्या कामाला दोन्ही चालतील, फक्त तो पोर्ट चित्र देतो ना एवढं बघा. यूएसबी-सी चं भोक आहे म्हणजे चित्र बाहेर येतंच असं नाही.

बाकावरचा

रॅमकडे या जरा. १६ जीबीची एक पट्टी म्हणजे एकाच चॅनेलवर चालणारं मशीन, मेमरीचा वेग निम्मा. क्विक सिंक ज्या अंगभूत ग्राफिक्सच्या जिवावर चालणार आहे ते हीच रॅम वापरतं. म्हणजे 'ब' घेतलंत तर पहिल्या दिवशी दुसरी १६ ची पट्टी टाका, त्याच वेगाची. ३२ जीबी आणि दोन चॅनेल, एका दगडात दोन पक्षी.

'अ' मध्ये १६ सोल्डर आहे, तिथे हा दरवाजाच बंद. रिझॉल्व्ह आणि ब्लेंडर एकत्र उघडून १६ मध्ये काम करायचं असेल तर शुभेच्छा.

एसएसडी: दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) आहे का तेवढं बघा. त्यात कॅशे आणि चालू प्रोजेक्ट ठेवता येतात. चौथ्या पिढीचा सेकंदाला ७ जीबी वाचतो, तिसऱ्या पिढीचा साडेतीन. एडिटिंग करताना या फरकाने आभाळ कोसळत नाही. क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट कोंबणारी स्वस्त एसएसडी) घेऊ नका मात्र. मोठं फुटेज उतरवताना कॅशे भरली की ती एकदम गोगलगाय होते.

जुनं_खोड

प्रोसेसरच्या नावाबद्दलही लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा, चिपची खरी पिढी तिसऱ्या आकड्यात. ७८४०एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४ (झेन हे एएमडीच्या पिढ्यांचं नाव). ७७३५एचएस मध्ये ३, म्हणजे जुनी झेन ३+. ७५२०यू तर झेन २. तिन्हींवर "७०००" लिहिलेलं. इंटेलकडेही कोअर ७ २४०एच हा नव्या नावाचा पण जुन्या रॅप्टर लेकच्या घरातला. जुनं म्हणजे वाईट नव्हे, पण नव्याचे पैसे का द्या?

आता मुद्द्याचं. कोरा कागद, रेंडर तुम्ही रात्री लावता म्हणालात. मग ते पाठीवरच्या मशीनवर करायची काय गरज? घरी साधा डेस्कटॉप असला, त्यात बऱ्यापैकी कार्ड असलं, तर लॅपटॉपमध्ये ४०६० पुरे. दिवसा त्यावर सीन रचा, रात्री फाइल डेस्कटॉपला द्या.

कोरा_कागद

काका, डेस्कटॉपला सध्या जागा नाही. रेंडर पाच-सहा सेकंदांच्या क्लिपचेच असतात, रात्रीत होतात. त्यामुळे लॅपटॉपवरच.

आणि चार्जर? 'ब' चा २३० वॅटचा चार्जर म्हणजे वीटच आहे. यूएसबी-सी ने भागेल का?

पंखा_फुल्ल

लिहिणं, फुटेज बघणं, हलकं कापकाम यासाठी १०० वॅटचा यूएसबी-सी चार्जर सॅकमध्ये ठेवा, वीट घरी. फक्त लॅपटॉप यूएसबी-सी ने चार्ज होतो ना ते बघा. रेंडरला वीटच लागेल. यूएसबी पीडी ३.१ मध्ये २४० वॅटपर्यंतची सोय २०२१ पासून आहे, पण लॅपटॉपनेही ती घ्यायला हवी, आणि बरेच घेत नाहीत.

बॅटरीवर रेंडरचा विचार सोडून द्या. ग्राफिक्सला लागणारे वॅट बॅटरी देऊच शकत नाही म्हणून मशीन आपणहून वेग उतरवतं. आणि दिले तरी गणित बघा: ९० वॅट-तासांची बॅटरी, १०० वॅटचा खर्च, तासही भरत नाही. त्याहून फार मोठी बॅटरी तुम्हाला मिळणारही नाही, कारण विमानात विनापरवानगी १०० वॅट-तासांपर्यंतचीच नेता येते. म्हणून सगळे ९९ वर येऊन थांबतात.

मुलाखतीच्या वेळी 'सायलेंट' मोड लावा, ब्राउझर बंद करा. जाड मशीनचा हा फायदा: हलक्या कामात पंखे फिरले तरी हळू फिरतात. पातळ मशीन त्याच कामाला शिट्टी वाजवतं.

कोरा_कागद

ठरलं. 'ब' घेतोय, दुसरी १६ ची पट्टी टाकून. ५० मालिकेतलं त्याच वजनाचं एक पाहिलं, पण व्हीरॅम तेवढाच ८ आणि माझं ४:२:२ चं काम क्विक सिंकने होणारच आहे, मग थांबत नाही. 'अ' च्या तपशीलपत्रात शेवटी सापडलं: ४०७०, ६० वॅट.

परत करायच्या मुदतीत काय काय तपासू?

बाकावरचा

क्रमाने नाही, आठवेल तसं लिहितो.

थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट लावा. २० फेऱ्यांत स्थिरता ९७ टक्क्यांच्या वर राहिली तर उत्तीर्ण. त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फो उघडून ग्राफिक्सला खरंच किती वॅट मिळतात ते बघा. तपशीलपत्रात ११५ आणि मशीनमध्ये ९० असेल तर आधी मोड 'परफॉर्मन्स'वर आहे का ते पाहा, नंतर भांडा. टास्क मॅनेजरमध्ये क्विक सिंकचा मागोवा घेता येतो: रिझॉल्व्हमध्ये क्लिप चालवा आणि इंटेलच्या ग्राफिक्सखालचा 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतो का बघा. हलला नाही तर रिझॉल्व्हच्या सेटिंगमध्ये डिकोडसाठी इंटेलवर खूण आहे का ते पाहा. पट्टी टाकल्यावर सीपीयू-झेडमध्ये चॅनेल बघा. अंधाऱ्या खोलीत काळं चित्र लावून कडांतून उजेड गळतो का. पूर्ण पांढरं चित्र लावून मेलेले पिक्सेल. कार्ड राबत असताना चीं-चीं असा बारीक आवाज येतो का; पंख्यांचा नव्हे, कॉइलचा. तो नंतर जात नाही, त्रास होत असेल तर मुदतीतच परत करा.

कोरा_कागद

मशीन आलं. स्ट्रेस टेस्ट ९८ च्या वर. ग्राफिक्स १०८ ते ११५ वॅटमध्ये. दोन कॅमेऱ्यांची मुलाखत सलग चालतेय, डिकोडचा आलेख हलतोय आणि प्रोसेसर आरामात बसलाय. कॉइलचा आवाज रेंडरच्या वेळी कान लावला तर येतो, चालवून घेतोय. सायलेंट मोडमध्ये माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा सापडला नाही. वीट मात्र खरंच वीट आहे, घरीच राहते.

पंखा_फुल्ल

छान. घरी दिवसभर चार्जर लावलेला असतो ना? मग उत्पादकाच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. सतत १०० वर आणि वर गरम, हे बॅटरीला सोसत नाही.

कोरा_कागद

थांबवलंय. बाहेर शूट असेल तेव्हाच आदल्या रात्री १०० करतो.

मुंगळा

मी १२ जीबीवालं बघतोय, पण ते २.८ किलोचं आहे. नवा धागा काढू की इथेच?

जुनं_खोड

नवा काढ. आणि पहिल्या ओळीत सांग, ते रोज कुठे न्यायचंय.